शिमग्याचं पोस्त

आमच्या बाई कुणाच्याही घरी पुढच्या दारानं गेल्या नाहीत. घर मामलेदाराचं असो की डोंगरातल्या वाडीवरचं कुडाचं असो, अंगणात आल्या की छत्री बगलेत मारायच्या, लुगडं चार बोटं वर खोचायच्या आणि घराला वळसा घालून थेट मागच्या पडवीत. न्हाणीचं पाणी कुठं जातं, उष्टी भांडी कुणापुढं पडलीत, दोरीवर कुणाचे कपडे वाळतायत आणि कुणाचे नाहीत, सगळं बघून घ्यायच्या. घरातली बाई दचकून बाहेर आली की तिच्यावरच ओरडायच्या, "दार सताड टाकून बसलीस गो! उद्या कुत्रं शिरेल!"

"पुढचं दार पाहुण्यांशी बोलतं," असं त्यांचं म्हणणं. "पोर राहतं मागच्या दारी."

ही जिल्ह्याला कुलाबा म्हणायचे तेव्हाची गोष्ट. महाडात मुलांचं आणि अडल्या कुटुंबांचं बघणारी एक संस्था होती. सकाळी बालवाडी, दुपारी दुधाचं वाटप आणि कायमची राहणारी काही पोरकी मुलं. मुलं राहायची त्या कौलारू इमारतीला सदन म्हणायचे. शिवाय महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर फिरून घरं बघून यायची. पुरुष मुंबईला गोदीत नाहीतर गिरणीत, बायका शेतावर, आणि पोरं कुणाच्या भरवशावर, ते बघायचं. हे सगळं चालवायच्या आमच्या बाई. त्यांना नाव होतं, पण सगळे बाईच म्हणायचे. मागून काय म्हणायचे, ते मी लिहीत नाही.

मी तिथं एक वर्ष होते. मॅट्रिक झाले होते, लग्न जमत नव्हतं, आणि घरात बसून आईचं डोकं खात होते. वडील गावातल्या एका मोठ्या भातगिरणीत हिशेबनीस. गिरणीचे मालक तेच संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी शब्द टाकला आणि मी समाजसेविका झाले. समाजसेविका काय घालतात, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी मामेभावाकडून मुंबईहून चष्मा मागवला. नंबर नव्हता. काच साधी. पण घातला की आपण फार विचार करतोय असं वाटायचं. माझं मला.

पहिल्या दिवशी गेले तर बाई पायरीवर बसलेल्या, एक पोरगं गुडघ्यांत धरून त्याची नखं कापत होत्या. पोरगं गुरासारखं हंबरत होतं. बाईंनी वर बघितलं.

"डोळे गेलेत?"

"नाही, बाई."

"मग काढ ती काच. पोरं ओढतील, फुटेल आणि त्यांच्याच पायात जाईल. शिकलीस किती?"

"मॅट्रिक."

"घागर उचलता येते?"

"येते की."

"मग उचल, मॅट्रिक."

त्या दिवसापासून माझं तेच नाव पडलं. "ए मॅट्रिक, याचं नाक पूस." "मॅट्रिक, बंब विझला." मी इतकी संतापले होते, की चष्मा पिशवीत आणि राग तोंडावर असं घरी गेले आणि आईला म्हटलं, "ही बाई मुलांचा द्वेष करते." आई म्हणाली, "नखं कापलीन ना त्याची? मग झालं." मला आईचाही राग आला.

आपण माणसं रागावतो आणि मग शांत होतो. बाई शांत झालेल्या मी पाहिल्या नाहीत. फार तर राग या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायच्या. दुधाच्या पावडरीत गुठळ्या झाल्या की पावडरीवर ओरडायच्या. एसटी उशिरा आली की ड्रायव्हरवर, वेळेवर आली की कंडक्टरवर. मुलं जेवणाआधी प्रार्थना म्हणायची तेव्हा बाई हाताची घडी घालून देवाच्या तसबिरीकडे अशा बघायच्या, की देवानंच काहीतरी सांडलंय. मुलांवरही ओरडायच्या. उवा काढताना मान मांडीखाली दाबून धरायच्या. मी ठरवलं, आपण प्रेमानं मुलं जिंकायची. पेपरमिंटच्या गोळ्या नेल्या. मुलांनी गोळ्या घेतल्या, तोंडात टाकल्या आणि जीभ कशी हिरवी झाली ते दाखवायला बाईंकडे पळाली. बाईंनी एकेकाची जीभ तपासली आणि सगळ्यांना चुळा भरायला लावल्या.

एकदा तुडीलच्या बाजूला एका घरी आम्ही गेलो. घरात आजारी बाळंतीण, अंगावरचं मूल वाळून काडी झालेलं. मी तिथंच मुळूमुळू रडायला लागले. रडताना आपण कशा दिसतो याचाही मी थोडा विचार केला असणार, तेव्हा करायचेच. बाईंनी माझ्या हातात तांब्या दिला.

"दया आली का? आधी पाणी पी."

मी प्यायले.

"आहे अजून?"

"हो."

"मग चूल पेटव. नसेल उरली तर बाहेर जाऊन बस, जागा अडवू नकोस."

मी चूल पेटवली. धुरानं पुन्हा रडले, पण ते कुणी मोजलं नाही.

दान देणाऱ्यांशी त्यांचं वाकडं. गावातल्या एका कापडदुकानदारानं मुलाच्या बारशाचे लाडू सदनात पाठवले आणि स्वतःही आले, मागून बायको, भावजया, फोटोवाला. रिवाज असा, की मुलांनी रांगेत उभं राहून आभाराचं गाणं म्हणायचं आणि मग लाडू घ्यायचा. बाईंनी मुलांना आधी खायला बसवलं. दुकानदार म्हणाले, "गाणं नाही व्हायचं?"

"होणार तर. म्हणा."

"मी?"

"मुलं रोज म्हणतात. आज लाडू तुमचा, हौस तुमची, गाणंही तुमचंच होऊ द्या."

आणि खरंच, त्या गृहस्थानं दोन ओळी म्हटल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला नाही. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज आठवलं की मी खोलीचं दार लावून हसते.

पण हसायचं एवढंच. पुढचं हसण्यातलं नाही.

सदनात चंद्री नावाची एक मुलगी होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. आई बाळंतपणात गेली, बाप मुंबईला गेला तो गेलाच. तान्हा भाऊ काकूकडे राहिला आणि चंद्रीला काकूनं आमच्याकडे आणून सोडलं. दोन पोटं जादाची तिला झेपेनात. चंद्री कामाला चपळ, बोलायला तिखट. दसऱ्याच्या सुमाराला संस्थेचा वार्षिक समारंभ झाला आणि त्यात अध्यक्षांनी जाहीर केलं, की ही पोरकी मुलगी आम्ही घरी नेणार, पोटच्या मुलीसारखी वाढवणार. चंद्रीच्या गळ्यात हार घातला, हातात नवा परकर दिला. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात माझ्या. चष्मा मुद्दाम घालून आले होते, तो आसवांनी धुरकटला.

बाईंनी टाळी वाजवली नाही. संस्थेचा नियमच होता, की मूल कुणाच्या घरी द्यायचं तर बाई आधी ते घर बघून येणार. अध्यक्षांच्या घराला नियम लावायचा म्हणजे काय? समितीतले डॉक्टर हसत म्हणाले, "बाई, त्यांचं घर आपण रोजच बघतो."

"पुढची ओटी बघता," बाई म्हणाल्या.

दिवाळी झाल्यावर बाई गेल्याच, मागच्या दारानं. मला बरोबर घेऊन. चंद्री विहिरीच्या कठड्याशी होती. समोर घरभराची भांडी, हात कोपरापर्यंत राखेनं भरलेले. नवा परकर अंगावर नव्हता. आत दोरीवर घरातल्या मुलीचे शाळेचे कपडे वाळत होते. चंद्रीचं अंथरूण लाकडांच्या खोपीत, गोवऱ्यांच्या शेजारी.

"शाळेत जातेस का गं?"

"नाय."

"जेवण?"

"मिळतं. भात आसतो पोटभर."

अध्यक्षीणबाई बाहेर आल्या. वाईट बाई नव्हती हो ती, हेच वाईट. हसून म्हणाल्या, "अगदी मुलीसारखी आहे आमच्या. म्हणून तर काम सांगते. परक्याच्या पोरीला कोण कामं सांगतं?"

मला आजही हे वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. या वयात राग बरा नाही म्हणतात. मी म्हणते, या वयात नाही करायचा तर कधी? तेव्हा करायला हवा होता, तेव्हा मी तिथं उभी राहून त्या घरचा चहा पीत होते आणि चहात आलं आहे की गवती चहा, याचा विचार करत होते.

बाईंनी समितीपुढे विषय काढला. समिती म्हणाली, वळण लागतंय पोरीला. सदनात काय लागलं असतं? कुणी म्हणालं, बाईंना माणसांच्या चांगुलपणाचा त्रास होतो. अध्यक्ष नुसते क्षमाशील हसले. ते हसणं मला त्या दिवशी फार थोर वाटलं. बाई पुन्हा गेल्या, तर मागच्या फाटकाला कडी घातलेली. "पुढून या बाई, आपलंच घर आहे," असा निरोप आला.

थंडी सरली आणि शिमगा आला.

आमच्याकडचा शिमगा म्हणजे ग्रामदेवाची पालखी घरोघर फिरते. पुढं ढोल, मागं नाचणारे खेळे. पालखी दारात टेकली की घरधन्यानं हात जोडायचे आणि खेळ्यांनी पोस्त मागायचं. पोस्त म्हणजे शिमग्याची हक्काची बक्षिशी. कुणी नारळ देतो, कुणी धान्य, कुणी नाणं. रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हा एक नेम. दुसरा नेम, शिमग्यात कुणी तुमच्या नावानं बोंब मारली तर रागवायचं नाही. वर्षभराचं मनातलं तेव्हा तोंडावर आणायची मुभाच असते. अर्थात पुरुषांना.

अध्यक्षांचा एक शौक होता. बाकीचे घरधनी मुकाट्यानं सुपातलं धान्य ओतायचे. हे ओटीवर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "मागा! काय पाहिजे ते मागा!" दरवर्षी म्हणायचे. खेळे नारळच मागायचे, कारण दुसरं मागायची कुणाची छाती?

त्या वर्षी पालखीच्या मागून सदनाची मुलं आली. गळ्यात दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे बांधलेले, हातात काटक्या. कपाळाला गुलाल. सगळ्यांच्या पुढं बाई. आणि सगळ्यांत मोठा डबा माझ्या गळ्यात. "मॅट्रिक, वाजवता येतं का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. कुठं जायचं ते सांगितलं नव्हतं. पालखी अध्यक्षांच्या अंगणात वळली तेव्हा मला कळलं. त्या एका घराला बाईंनी पुढच्या बाजूनं तोंड दाखवलं ते तेवढ्यापुरतं.

ओटी माणसांनी भरलेली. मामलेदार, डॉक्टर, दोन वकील आणि खांबाशी उभे माझे वडील. मी डब्यामागं तोंड लपवायला बघत होते. डबा फार तर छातीएवढा, तोंड केवढं!

अध्यक्षांनी हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मागा! काय पाहिजे ते मागा!"

"चंद्री द्या," बाई म्हणाल्या.

ढोल थांबला. अध्यक्ष हसले. "बाई, शिमगा झाला, चेष्टा झाली. नारळ आणा रे."

बाईंनी उजवा हात उलटा करून तोंडावर धरला. पन्नाशीची बाई, नऊवारी लुगडं, कपाळाला गुलाल. महाडच्या बाजारात आजवर बाईमाणसानं काढली नसेल अशी बोंब त्यांनी काढली.

"मुलीसारखी पोर खोपीत निजते, बो बो बो!"

मागून पोरांचा गजर. बो बो बो! डबे वाजले. माझाही.

"मुलीसारखी पोर शाळेला नाय, बो बो बो!"

कुणी वकील उठून म्हणाला, "हा काय तमाशा आहे?" तेव्हा पालखीचा म्हातारा मानकरी पुढं आला. तो काही संस्थेचा नव्हता की बाईंच्या प्रेमातला नव्हता. बाईंनी त्याच्या सुनेलाही एकदा फटकारलं होतं. पण त्याला देवाची काळजी.

"धनी," तो म्हणाला, "मागा म्हनून तुमीच बोललात. देवाम्होरं सबूद गेला. आता पोस्त मिलल्याबिगर पालखी उठायची नाय."

"अरे, पोर काय पोस्त आहे का?"

"त्ये मला काय ठावं? मागा म्हनायच्या आदी इचार करायचा व्हता."

ओटीवर कुणीतरी खुदकन हसलं. एवढंच पुरे झालं. अध्यक्षांनी आत वळून हाक मारली. चंद्री बाहेर आली, हात ओले, परकराला पुसत.

"चल," बाई म्हणाल्या.

आता मला वाटलं, पोर धावत येऊन बाईंना मिठी मारणार. माझे डोळे तयारीतच होते. चंद्री जागची हलली नाही.

"कुटं?"

"सदनात."

"आनि मी नाय म्हनले तर? तुमी हितं दिलात तवा इचारलं नाय. आता नेताव तवा पन इचारत नाय. मी काय नारल हाय?"

  बाई ओटीच्या खालच्या पायरीवर बसल्या, तिच्या उंचीला.

"खरं आहे," म्हणाल्या. "तू सांग. कुठं?"

"वाडीवर. माज्या भावाकडं."

 त्या रात्री जेवून हात धुताना वडील म्हणाले, "ताल चुकत होता तुझा." एवढंच. पुढं त्यांना गिरणीत काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

कडू भाग आधी सांगून टाकते. बाईंना संस्थेतून काढलं. शिमग्यावरून नाही, कारण शिमग्याचा राग धरला तर गाव हसतं. काढलं दुधावरून. चंद्री वाडीवर राहिली तशी बाई दर आठवड्याला एक डबा पावडर तिच्या भावासाठी वर पाठवू लागल्या. समिती म्हणाली, दूध सदनात राहणाऱ्या मुलांसाठी आहे, घरी राहणाऱ्या मुलांसाठी नाही. म्हणजे पोराला घरातून तोडाल तर दूध, घरी ठेवाल तर नाही. हा नियम करणारी माणसं शिकलेली होती, कपाळाला गंध लावत होती आणि संस्थेच्या नावात कुटुंब हा शब्द होता!

बाई गेल्या कशेडीच्या बाजूला, एका मालट्रकात ड्रायव्हरच्या शेजारी बसून, हळू हाक म्हणून त्याच्यावर ओरडत. मला म्हणाल्या, "मॅट्रिक, बंब विझू देऊ नकोस." जातानाचं बोलणं हे असं. अध्यक्षांनी त्यांच्या जागी तात्पुरती मला नेमलं. मी गरीब स्वभावाची, सांगितलं ते ऐकणारी. कोठीच्या किल्ल्या माझ्या हातात आल्या आणि लग्न होईपर्यंत मी दर आठवड्याला एक डबा चोरून वर पाठवला. चोरून हाच शब्द. समितीच्या बैठकीत माझं कौतुक झालं, की कोठी कशी चोख ठेवलीय. वैशाखात माझं लग्न झालं, मी बाणकोटाकडे गेले. त्यानंतर डबा कुणी नेला का, माहीत नाही. नेला नसेलच.

पण मला सांगायचा होता तो शिमग्याचाच दिवस. मुलांना सदनाकडे पिटाळून ओटीवरून आम्ही तडक एसटी स्टँडवर गेलो. बाई, चंद्री आणि गळ्यातला डबा काढायला विसरलेली मी. पोलादपूरला उतरलो आणि डोंगर चढायला लागलो. चंद्री पुढं, झपाझप. ऊन असं, की बाईंच्या कपाळावरचा गुलाल घामानं नाकावर उतरलेला.

काकू अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं चंद्रीला बघितलं, मग बाईंना, आणि सूप आपटलं.

"परत आनलीव? कशापायी? तितं पोटाला मिलत व्हतं तिला!"

"मिळत होतं! आणि राबवत होते कसे, ते बघितलंस का?"

"हितं काय गादीवर लोलनार हाय? माजी तीन, त्यो एक, आनि आता ही! तुमी येनार, वरडनार आनि एसटीत बसनार. रांधायचं कुनी?"

"मी कुठं म्हटलं तू एकटीनं रांध म्हणून?"

"मग काय देव रांधनार हाय?"

"देवाचं नाव काढू नकोस माझ्यापुढं!"

बाईंना आयुष्यात प्रथमच जोडीची भेटली होती. दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या, शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आलेली, कोंबड्या पांगलेल्या. काकूचं खोटं नव्हतं. बाईंचंही नव्हतं. आणि त्या दोघींच्या मध्ये मी, गळ्यात डबा, कुणाच्या बाजूनं वाजवावा ते न कळून.

चंद्री केव्हाच आत गेली होती. ती दारात आली तेव्हा भाऊ तिच्या खांद्यावर होता. दोन वर्षांचं पोर, मोठं पोट, बारीक मान. त्याला बहीण ओळखूही आली नसेल, पण मान टाकून निवांत झोपलेलं. चंद्रीनं एकदा काकूकडे बघितलं, एकदा बाईंकडे.

"गप ऱ्हावा दोगी," ती म्हणाली. "त्यो निजलाय."

आणि मी शपथेवर सांगते, दोघी गप झाल्या. काकूनं सूप उचललं. बाई मेढीच्या खांबाला टेकून जमिनीवर बसल्या आणि इतक्या हलक्या आवाजात, की मला पुढं वाकून ऐकावं लागलं, काकूला म्हणाल्या, "काय काय लागेल ते सांग."

काकू त्यांच्याजवळ उकिडवी बसली आणि कुजबुजत सांगू लागली.